बियाणं एकाच पिशवीतलं, मग मळ्यात एक आणि भरडावर दुसरंच का?

वायंगणी

मंडळी, नमस्कार. भाताची कापणी आटोपली, उडवी रचून झाली. गेले चार दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, ती इथे मांडते. आमचं घर मालवण तालुक्यात. मी कृषी पदवीधर आहे, पण खरं शिकणं लग्नानंतर या कुणग्यांतच, म्हणजे भाताच्या छोट्या खाचरांतच झालं.

यंदा मी आणि माझ्या जाऊबाईंनी कर्जत ३ ची एकच पिशवी निम्मी निम्मी वाटून घेतली. हळवं भात, म्हणजे लवकर तयार होणारं. माझा कुणगा व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठी, मळ्यात. दिवाळी उलटली तरी तिथे पायाला ओल लागते. जाऊबाईंचा भरडावर, हातभर मातीखाली जांभा. तरवा, म्हणजे लावणीची रोपं, एकाच दिवशी पेरला, लावणीत चार दिवसांचा फरक. जाऊबाईंचं भात बेताच्या उंचीचं राहिलं, ताठ उभं राहिलं आणि भरलं. माझं मळ्यातल्या खतावर तरारलं. आम्ही दोघी खूश होतो. सप्टेंबरात दाणा भरता भरता पावसाची एक जोरदार सर आली आणि सगळं लोळलं. खाली पाणी साचलेलं, त्यात लोंब्या आठ दिवस पडून. कापायला गेलो तर निम्म्या दाण्यांना मोड.

याच्या बरोबर उलट रत्नागिरी ३ चं. ते गरवं, उशिरा येणारं. माझ्या मळ्यात त्याच्या लोंब्या वाकून बांधाला टेकल्या. त्याच बियाण्यातलं थोडं जाऊबाईंनी भरडावर लावून पाहिलं, तर पाऊस गेल्यावर दाणा दुधाळ असतानाच जमीन तडकली. पळिंज, म्हणजे पोकळ दाणे, आणि पेंढा एवढंच हाती आलं.

आता मला सांगा, दोन्हींपैकी चांगली जात कुठली?

आपण नेहमी असं धरून चालतो की पिकात बियाण्याचा एक वाटा आणि जमीन-पाण्याचा एक वाटा, दोन्हींची बेरीज म्हणजे उत्पन्न. तसं असतं तर मळ्याने दोन्ही जातींना सारखंच वर उचललं असतं आणि जी जात इकडे पुढे तीच तिकडेही पुढे राहिली असती. इथे तर पहिला नंबर आणि दुसरा नंबर यांची अदलाबदल झाली. यालाच जनुक आणि पर्यावरण यांची आंतरक्रिया म्हणतात. शिकताना हा विषय मी परीक्षेपुरता पाठ केला होता. आता तो चिखलात उभं राहून कळतोय.

विल्हेल्म योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ‘जीन’ हा शब्द वापरात आणला. त्याआधी त्याने घेवड्यावर काम केलं होतं. एकाच शुद्ध वाणाचे बारीक दाणे आणि टपोरे दाणे वेगवेगळे पेरले, तर दोन्हींच्या पुढच्या पिढीचं सरासरी वजन सारखंच निघालं. म्हणजे दाणा टपोरा झाला तो त्या शेंगेला मिळालेल्या अन्नामुळे, बियाणं वेगळं होतं म्हणून नव्हे. बियाण्याच्या पोटात जे आहे ते वेगळं आणि डोळ्यांना दिसतं ते वेगळं, ही फोड त्याने केली. आपण शेजारच्या मळ्यातलं टपोरं भात पाहून ‘मला हेच बी द्या’ म्हणतो, तेव्हा नेमकी हीच फोड विसरतो.

तुमच्याकडे असं झालंय का? कुठल्या जमिनीत, कुठल्या जातीचं?

दादरचा चाकरमानी

ताई, धागा आवडला. मी मुंबईत, बाबा गावी, राजापूर तालुक्यात. दरवर्षी मे महिन्यात बियाणं मी घेऊन जातो. दुकानात तक्ता लावलेला असतो, या जातीचं हेक्टरी इतकं, त्या जातीचं तितकं. मी सगळ्यात मोठा आकडा बघून पिशवी उचलतो. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने गरवं म्हणून दिलेलं भात ऐन पावसात पसवलं (लोंब्या बाहेर आल्या) आणि बाबांचे सगळे कष्ट वाया गेले. ते मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मला शास्त्र फार कळत नाही. तो आकडा खोटा असतो का, आणि नसेल तर घ्यायचं काय, एवढंच सांगा.

वायंगणी

दादा, आकडा खोटा नसतो, सरासरी असतो. एखादी जात शिफारशीला येण्याआधी ती बऱ्याच ठिकाणी, बरीच वर्षं लावून पाहतात. अखिल भारतीय पातळीवर भाताच्या अशा एकत्रित चाचण्या १९६५ पासून होतात, आणि आपल्याकडे दापोलीचं विद्यापीठ कर्जत, पनवेल, रत्नागिरीजवळचं शिरगाव अशा केंद्रांवर जाती तपासतं. या सगळ्या ठिकाणांची बेरीज करून भागलं की तक्त्यातला आकडा येतो. त्यात चांगलं शेतही आलं आणि हलकंही. तुमच्या बाबांचं शेत मात्र त्या सरासरीत बसेलच असं नाही.

१९६३ मध्ये फिनले आणि विल्किन्सन या दोघांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात २७७ जातींचं सातू वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हंगामांत लावून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी सगळ्या जातींची मिळून सरासरी काढली आणि तिलाच त्या ठिकाणाची ऐपत मानलं. मग ठिकाणाची ऐपत वाढत गेली की एकेक जात किती उसळी घेते, ते मोजलं. काही जाती चांगल्या जमिनीत उड्या मारतात आणि वाईट जमिनीत आपटतात. काही कुठेही लावा, बेताचं का होईना पण हमखास देतात. दोन्हींची सरासरी कधीकधी सारखीच निघते! तक्त्यातल्या एका आकड्यातून हा स्वभाव दिसत नाही.

बियाणं घ्यायच्या आधी बाबांना तीन गोष्टी विचारा. कुठल्या शेतातलं पाणी कधी आटतं, तरवा कधी पेरणार, आणि कापायला माणसं कधी मिळणार. मग आपण जात ठरवू.

खारेपाटकर

वायंगणीताई, तुमचे दोन कुणगे तर माझे तीन. मी रायगडातला, पेण-अलिबागच्या खारेपाटातला. आमच्याकडे तिसरी गोष्ट असते, मीठ.

नवख्यांसाठी सांगतो. आमची शेतं खाडीच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर आहेत. बांध घालून समुद्र अडवलाय आणि पाणी बाहेर काढायला उघाडी आहे. ओहोटीला तिचं दार उघडतं, भरतीला मिटतं. उन्हाळ्यात जमिनीतलं मीठ वर येतं, मे महिन्यात शेतावर पांढरी खपली दिसते. मृगाचा पाऊस ते मीठ धुऊन उघाडीवाटे खाडीत सोडतो. आम्ही बियाणं भिजवून, मोड आणून चिखलात फेकतो, त्याला रहू म्हणतात. पाऊस चांगला लागला तर श्रावणात आमचं भात आणि तुमच्या मळ्यातलं भात शेजारी ठेवलं तरी ओळखू येणार नाही.

खरी परीक्षा दोनदाच होते. एकदा रोप दोन-तीन पानांचं असताना, तेव्हा पावसाने आठ-दहा दिवस ताण दिला की पानांची टोकं पांढरी पडून करपतात. दुसऱ्यांदा फुलोऱ्यात. पाऊस लवकर गेला की मीठ परत वर यायला लागतं आणि दाणा भरत नाही. मधल्या काळात, फुटवे फुटताना, भात बरंच मीठ सोसतं. हे माझं निरीक्षण वडिलांपासूनचं आहे.

आमच्याकडे पूर्वी राता लावायचे. काळा राता, भुरा राता. दाणा लाल, जाड, बाजारात भाव नाही, पण खारात उभा राहायचा. नंतर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ आल्या. त्या खारासाठीच काढलेल्या, मी आज त्याच लावतो. काही वर्षांपूर्वी बांधाला खांड पडली आणि भरतीचं पाणी सरळ आत आलं. त्या वर्षी शेजाऱ्याने पनवेल सोडून दुकानातली जास्त उतारा देणारी जात लावली होती. आदल्या वर्षी माझ्यापेक्षा त्याचं भात जास्त पिकलं होतं, ते मीही मान्य केलं होतं. खांड पडली त्या वर्षी त्याच्या शेतात कापायला काही उरलं नाही, माझं घरी खाण्यापुरतं आलं. तीच शेतं, त्याच जाती, फक्त साल वेगळं. म्हणजे ताई, ‘कुठे’ विचारता तसं ‘कुठल्या वर्षी’ हेही विचारावं लागतं.

रोपवाटिका

खारेपाटकर काका, तुम्ही सांगितलेल्या दोन परीक्षा अगदी बरोबर आहेत. मी पीक पैदासशास्त्रात पीएच.डी. करतेय, म्हणून थोडं आतलं सांगते.

केरळच्या किनाऱ्यावर पोक्काली नावाचं जुनं भात आहे, तुमच्या रात्यासारखंच खाऱ्या पाण्यात वाढणारं. त्याच्या पहिल्या गुणसूत्रावर एक तुकडा सापडला, त्याला सॉल्टॉल म्हणतात. त्याच भागातल्या एका जनुकाचं काम असं की मुळातून वर निघालेलं सोडियम वाटेतच, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांतून परत काढून घ्यायचं, पानापर्यंत पोचू द्यायचं नाही. पान हिरवं राहिलं की रोप तगतं. मात्र सॉल्टॉलचा उपयोग मुख्यतः रोपावस्थेत. फुलोऱ्यातलं मीठ सोसायला दुसरी जनुकं लागतात. म्हणून ‘खार सोसणारी जात’ ऐकल्यावर कुठल्या वयात सोसते, हे विचारायला हवं.

पाण्याखाली जाण्याचं याहून नवलाचं आहे. ओडिशातल्या एफआर१३ए या भातात सब१ए नावाचं जनुक सापडलं. ते २००६ मध्ये ओळखलं गेलं. रोप पुरात पूर्ण बुडालं की हे जनुक वाढ रोखून धरतं. रोप आपलं साठवलेलं अन्न जपत तळाशी दबून बसतं आणि पाणी ओसरलं की पुन्हा उठतं. सुवर्णा या आपल्याकडेही लावल्या जाणाऱ्या गरव्या जातीत ते आणून सुवर्णा-सब१ केली आणि २००९ मध्ये ती भारतात शिफारशीत आली. दोन आठवड्यांपर्यंत बुडालेली राहूनही ती जगते.

आणि खोल पाण्याच्या प्रदेशातल्या भातात स्नॉर्कल नावाची जनुकं आहेत, ती बरोबर उलटं सांगतात. पाणी चढलं की ताणून वाढ, डोकं वर काढ! दोन्हींना इशारा एकच मिळतो, बुडालेल्या रोपात साठणारा इथिलीन वायू. पाणी आठ दिवसांत ओसरणार असेल तर ताणून वाढणारं भात मरतं, कारण त्याची शिदोरी संपलेली असते आणि पाणी गेल्यावर ते आडवं पडतं. पाणी चार महिने राहणार असेल तर दबून बसणारं मरतं. त्या जनुकाला चांगलं किंवा वाईट म्हणायचं तर आधी पुराचा मुक्काम किती ते सांगावं लागेल.

कातळफूल

वाचनखूण साठवली. खांड पडण्याचा प्रसंग वाचून पोटात गोळा आला.

जुनं बी

सगळं पटलं, पण मुद्दा एवढाच निघतो की आपल्या वाडवडिलांचं बियाणं बरं होतं. वालय, सोरटी, पाटणी, मुणगा, बेळा. प्रत्येक दळ्याला, म्हणजे शेताच्या तुकड्याला, वेगळं भात असायचं. हे नवे वाण आले आणि सगळीकडे एकच जात झाली. मी स्वतः पाच गुंठे वालय लावतो. पेज तशी दुसऱ्या कुठल्या भाताची होत नाही. खताचा एक दाणा टाकत नाही. नव्या जाती खताशिवाय वाढवून दाखवा.

वायंगणी

दादा, वालयाच्या पेजेबद्दल दुमत नाही, आमच्याकडे आजाऱ्याला तीच देतात. पण तुमच्या शेवटच्या वाक्यातच या धाग्याचा विषय आहे, म्हणून थोडं थांबते.

१९६६ मध्ये फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर८ आणलं. तैवानचं बुटकं दी-जिओ-वू-गेन आणि इंडोनेशियाचं उंच पेटा यांचा तो संकर. बुटकेपणाचं जनुक तैवानच्या भाताकडून आलं. त्यात वाढीचं संप्रेरक कमी तयार होतं, म्हणून ताट आखूड आणि मजबूत राहतं. जुन्या उंच भाताला नत्र दिलं की ते आणखी उंच होऊन लोळायचं, म्हणजे खत घालून नुकसान. आयआर८ ने तेच नत्र दाण्यात घातलं. पुढे १९६८ मध्ये आपल्याकडे जया आली ती त्याच बुटक्या वंशातली. खत न घालता पाहिलंत तर जुन्या-नव्यातला फरक फारसा राहत नाही, कधी जुनं पुढेही जातं. खत वाढवत नेलं की जुन्याची रेघ खाली येते आणि नव्याची वर चढते. दोन रेघा एकमेकींना मधेच कुठेतरी कापतात. तुम्ही त्या छेदाच्या एका बाजूला उभे आहात आणि तुमचं बरोबर आहे. दुसऱ्या बाजूला उभा असलेलाही चूक नाही.

वाडवडिलांचं सगळं बियाणं चांगलं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. आजेसासूबाई सांगायच्या, करपा आला की मुणग्याचे दळेच्या दळे भाजल्यासारखे व्हायचे. त्यांची जी गोष्ट मला थोर वाटते ती वेगळी. एका घरात तीन-चार बियाणी असायची आणि कुठलं कुठे जायचं ते ठरलेलं असायचं. कणग्यांवर जातीचं नाव नसायचं, शेताचं असायचं.

दादरचा चाकरमानी

एक शंका. हळवं, निमगरवं, गरवं हा फक्त दिवसांचा फरक ना? ११५ दिवस, १३० दिवस, १४५ दिवस?

रोपवाटिका

दादा, फक्त दिवसांचा फरक नाही. आणि आपल्या किनाऱ्यावर माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

भात हे मुळात लहान दिवसाचं झाड. रात्र पुरेशी लांबली की त्याला फुलायचा इशारा मिळतो. रत्नागिरीच्या आसपास जूनअखेर दिवस साधारण १३ तासांचा असतो, २२-२३ सप्टेंबरला १२ तासांचा. एवढ्याशा फरकावर जुनी गरवी भातं वेळ ओळखायची. त्यांच्या पानात प्रकाशाचा हिशोब ठेवणारी जनुकं आहेत, एचडी१, जीएचडी७ अशी. दिवस मोठा असेपर्यंत ती फुलण्याचा निरोप दाबून ठेवतात. दिवस लहान झाला की पानातून एक प्रथिन निघतं, खोडाच्या शेंड्याला पोचतं आणि तिथे पान निघायचं थांबून लोंबी धरायला लागते. त्यानंतर साधारण महिन्याभराने भात निसवतं, म्हणजे लोंबी बाहेर पडते.

परिणाम काय? असं भात तुम्ही रोहिणीत पेरा नाहीतर आर्द्रेत, ते फुलणार पाऊस ओसरायच्या सुमारालाच. पाऊस उशिरा आला म्हणून लावणी तीन आठवडे लांबली तरी फुलोरा तीन आठवडे लांबत नाही.

हळवं भात मात्र असा हिशोब जवळजवळ करत नाही. ते पेरल्यापासूनचे दिवस आणि उष्णता मोजतं. लवकर पेरलं तर ऑगस्टच्या झडीत फुलणार. भाताचं फूल सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उघडतं आणि तासा-दीड तासात मिटतं. तेवढ्यात मुसळधार असेल तर पराग ओले होऊन फुटतात किंवा फूल उघडतच नाही. एक लोंबी आठवड्याभरात फुलून संपते, तो आठवडाच पावसाने खाल्ला तर पळिंज ठरलेलं. बाबांच्या शेतात त्या वर्षी हेच झालं असावं.

आयआर८ सारख्या जातींतून हा दिवसाचा हिशोब मुद्दाम काढून टाकला होता, कारण एकच बियाणं कुठल्याही देशात, कुठल्याही हंगामात लावता यावं असं हवं होतं. आजच्या गरव्या जातींत तो कमी-जास्त उरलाय. गरवं म्हणजे दिवस ओळखणारं असं आता सरसकट म्हणता येत नाही.

वायंगणी

रोपवाटिका, हे वाचताना आजेसासूबाई डोळ्यांसमोर आल्या. एका वर्षी पाऊस इतका लांबला की आर्द्रा सरत आली तरी लावणी नाही. मी नवीनच लग्न होऊन आलेली, घाबरले. त्या तरव्याच्या मुठी बांधत म्हणाल्या, “गरवो हस्तात फुलार येतलोच. तेका दिसांचो हिशोब म्हायत आसा.” आला. मी तेव्हा तो अनुभव समजले होते, त्यामागे जनुक आहे हे सुचलंच नाही.

पण यात आता एक गाठ पडलीय. त्यांचा हिशोब पाऊस हस्तात-चित्रात ओसरतो या भरवशावर होता. २०१९ मध्ये ऑक्टोबरअखेर क्यार वादळ समुद्रातून वर सरकलं आणि कापलेलं भात शेतात वाळत असताना पाऊस झाला. दिवसाचा कालावधी वर्षानुवर्षं तोच राहतो, पाऊस राहत नाही. झाड सूर्याकडे पाहून वेळ ठरवतं आणि ढग वेळेवर जात नाहीत.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट पाहिली. माझ्या दोन जातींच्या पेंढ्या शेजारी शेजारी भिजल्या होत्या. चौथ्या दिवशी एकीला पांढरे कोंब, दुसरी नुसती ओली. हे कशामुळे?

रोपवाटिका

ताई, ती बियाण्याची झोप. काही जातींचा दाणा पिकल्यावर काही आठवडे रुजतच नाही, ओल मिळाली तरी. हाही जनुकीय गुण आहे. लवकर दुसरं पीक घेता यावं म्हणून निवड करताना काही जातींत ही झोप कमी झाली. कोरड्या प्रदेशात त्याने काही बिघडत नाही. कापणीत पाऊस येणाऱ्या कोकणात ती झोपच पीक वाचवते. अर्थात दाणा पिकत असतानाच्या उष्णतेवर आणि ओलीवरही झोप किती खोल लागणार हे ठरतं. यंदा तुमच्या मळ्यात मोड आले त्यात लोळणं, पाणी आणि कमी झोप या तिन्हींचा हात असणार.

खारेपाटकर

मोजायचं कसं ते कुणी सांगेल का? नुसतं ‘यंदा बरं आलं’ म्हणून कळत नाही कमी पडलं ते कुठे.

वायंगणी

काका, मी काल रात्री हेच करत बसले होते. दोन्ही शेतांतल्या कर्जत ३ च्या, न लोळलेल्या भागातल्या एकेक चुडाच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुबक्याच्या) लोंब्या वर्तमानपत्रावर पसरल्या. चार गोष्टी मोजायच्या. चुडात लोंब्या किती, लोंबीत एकूण दाणे किती, त्यात भरलेल्यांचं प्रमाण किती, आणि भरलेल्या हजार दाण्यांचं वजन. चारांचा गुणाकार म्हणजे त्या चुडाचं उत्पन्न.

लोंब्यांत खूप फरक निघाला. मळ्यातल्या चुडात जाऊबाईंच्या जवळजवळ दुप्पट. फुटवे फुटणं हे खत, अंतर आणि पाण्यावर सगळ्यात जास्त हलतं. लोंबीतले दाणे त्याहून कमी हलतात. भरलेले किती, हे फुलोऱ्याच्या आठवड्यावर आणि नंतरच्या उन्हावर. आणि दाण्याचं वजन? आमच्या घरच्या काट्यावर दोन्हीकडचं जवळजवळ सारखं! कारण भाताच्या दाण्याचं टरफल आधी तयार होतं आणि तांदूळ त्या टरफलाबाहेर वाढू शकत नाही. टरफल किती मोठं हे बरंचसं बियाणंच ठरवतं.

म्हणून ‘पीक बियाण्यावर की जमिनीवर’ या वादाला मला आता अर्थ वाटत नाही. एकाच चुडात दाण्याचा आकार बियाण्याच्या ताब्यात आणि फुटव्यांची संख्या बरीचशी शेताच्या.

जुनं बी

ताई, वालयाच्या लोंब्या आज संध्याकाळी मोजतो. तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे.

तिळारी

उशिरा आले धाग्यावर. आम्ही पावसाळी भातानंतर वायंगण करतो, उन्हाळी भात. तीच जात, तेच शेत, पाणी पाटाचं, आणि उतारा पावसाळ्यापेक्षा दरवेळी जास्त. इतकी वर्षं मला वाटायचं पावसाळ्यात खत वाहून जातं म्हणून.

रोपवाटिका

खत वाहतं हे आहेच, पण मुख्य कारण ऊन. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही. लोंबी धरण्यापासून दाणा भरेपर्यंत मिळालेलं ऊन थेट उत्पन्नात उतरतं, आणि वायंगणाला ते पोटभर मिळतं.

मात्र वायंगणात रात्रीकडे लक्ष ठेवा. फिलिपाइन्सच्या त्याच संस्थेच्या शेतावर १९७९ ते २००३ च्या हवामानाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान १ अंशाने वाढलं की भाताचं उत्पन्न सुमारे १० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्र गरम असली की झाड दिवसभर कमावलेलं श्वसनात जाळतं, हे एक कारण मानतात. आणि फुलोऱ्यात दुपारआधीच पारा ३५ च्या वर गेला तर दाणा धरत नाही. वायंगण उशिरा लावलं तर हे दोन्ही अंगावर येतं.

तिळारी

यंदा पंधरा दिवस आधी लावीन मग. धन्यवाद गं.

खारेपाटकर

एक सुचवतो. पुढच्या मृगाला आपण चौघापाच जणांनी त्याच तीन जाती आपापल्या शेतात लावून बघायच्या का? माझ्याकडे पनवेल ३ आहे, वायंगणीताईंकडे रत्नागिरी ३, जुनं बी यांच्याकडे वालय. प्रत्येकी दोन पायली एकमेकांना द्यायची.

रोपवाटिका

काका, मला फार आवडेल. फक्त एक विनंती. एका जातीला एकच पट्टा देऊ नका. शेताचा एक कोपरा नेहमीच जास्त सुपीक असतो, व्हाळाकडचा किंवा गोठ्याकडचा. प्रत्येक जातीचे निदान तीन छोटे पट्टे करा, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा, आणि कडेच्या दोन ओळी मोजणीत धरू नका, तिथे ऊन आणि हवा जास्त मिळते. तरव्याचं वय सगळ्यांचं सारखं ठेवा. निसवल्याची तारीख लिहा, निम्मी ताटं निसवली तो दिवस.

जुनं बी

मी तयार. वालय देतो. पण मी खत टाकणार नाही.

वायंगणी

टाकूच नका. तुमचा पट्टा खताशिवाय आणि माझा खतासकट, तेवढाच एक फरक आणखी कळेल.

दादरचा चाकरमानी

ताई, काल रात्री बाबांना फोन केला. तुमचे तीन प्रश्न वाचून दाखवले. अर्धा तास बोलत होते. वरच्या दोन दळ्यांत दसऱ्याच्या आधीच पाणी आटतं, खालच्या मोठ्या दळ्यात तुळशीच्या लग्नापर्यंत चिखल असतो. तरवा रोहिणीच्या शेवटी. कापायला माणसं आता दिवाळीच्या सुट्टीतच, म्हणजे आम्ही गेलो तरच. आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, खाडीच्या बाजूला, भात दरवर्षी पिवळं पडतं, ते का हे त्यांनाही माहीत नाही. इतकी वर्षं बियाणं मी नेत होतो आणि यातलं काहीच मी त्यांना विचारलं नव्हतं.

वायंगणी

दादा, वरच्या दोन दळ्यांना हळवं, पण तरवा आठ-दहा दिवस उशिरा टाका म्हणजे फुलोरा झडीतून निघेल. ते तयार होईल सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला, तेव्हा दोन दिवस सुट्टी काढावी लागेल. दिवाळीपर्यंत ते उभं ठेवू नका, दाणे गळतील. खालच्या मोठ्या दळ्याला रत्नागिरी ३, ते तुमच्या सुट्टीच्या आसपास कापायला येईल.

खाडीकडच्या कोपऱ्यातली माती मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, एका पिशवीत भरून माती परीक्षणाला द्या आणि क्षार मुद्दाम तपासायला सांगा. खार निघाला तर तेवढ्या कोपऱ्यापुरतं काकांचं पनवेल ३ लावा. नाही निघाला तर पाण्याचा निचरा आणि लोह बघावं लागेल, आपल्या जांभ्याच्या खालच्या अंगाला लोह साठून पानं तांबूस-पिवळी पडतात. पिवळेपणा खालच्या पानांपासून चढतो की वरच्या कोवळ्या पानांपासून उतरतो, ते बाबांना विचारून इथेच लिहा.